‘नको’ म्हणता येणे : सकारात्मक वर्तन-साहाय्याच्या प्रशिक्षणासंबंधी

दोन वर्षांपूर्वी बेळगावातील विशेष मुलांच्या एका केंद्रात शिक्षक, मदतनीस आणि पालक यांच्यासाठी तीन दिवसांचे प्रशिक्षण झाले. विषय होता ‘सकारात्मक वर्तन-साहाय्य’. मी भाषेचा अध्यापक. मानसशास्त्र किंवा विशेष शिक्षण हा माझा विषय नव्हे. नोंदीचे तक्ते मराठीत आणि उर्दूत उतरवून देण्यासाठी मला बोलावले होते. त्या निमित्ताने केंद्रातील जुन्या नोंदवह्या चाळल्या. एका अकरा वर्षांच्या मुलाविषयी वर्षभरात वेगवेगळ्या हातांनी लिहिलेले शेरे असे होते : ‘फार हट्टी आहे’, ‘आज मूड नव्हता’, ‘बहुत शरारत की’, ‘मुद्दाम त्रास देतो’, ‘घरी लाड झाले आहेत’. प्रशिक्षण देणाऱ्या बाईंनी हे शेरे फळ्यावर लिहिले आणि विचारले, “हे वाचून मुलगा नेमके काय करतो ते कोणी करून दाखवेल का?” कोणालाच दाखवता आले नाही. मुलगा स्वतःचे मनगट चावत असे. इतके, की तिथली कातडी जाड होऊन काळी पडली होती. ही गोष्ट त्या वह्यांत एकदाही आली नव्हती.

विशेषणे पुष्कळ आणि कामाचे क्रियापद मात्र हरवलेले, अशी ती भाषा होती. म्हणजे प्रश्न थोडासा माझ्याही विषयाचा होता. आपल्या कम्युनिटी कॉलेजांतून बालवाडी शिक्षिका, काळजीवाहक, शाळेतील मदतनीस असे अभ्यासक्रम चालतात. त्यांतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना आज ना उद्या असे एखादे मूल, किंवा मोठे झालेले असे माणूस, सांभाळावे लागते. त्यांना आपण काय शिकवावे आणि मुख्य म्हणजे कसे शिकवावे, याविषयी त्या तीन दिवसांत आणि नंतरच्या वाचनात जे हाती लागले ते प्रस्तुत लेखात मांडत आहे.

प्रथम ही संकल्पना कोठून आली ते थोडक्यात पाहू. वर्तनाचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्या उपयोजित वर्तन-विश्लेषण या शाखेची पायाभरणी अमेरिकेत 1960 च्या दशकात झाली. या शाखेने पुष्कळ दिले, पण तिच्या नावावर काळी पानेही आहेत. स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलांना विजेचे झटके देऊन ‘सुधारण्याचे’ प्रयोग त्याच काळातले. 1980 च्या दशकात याविरुद्ध आवाज उठू लागला. अपंग माणसाला संस्थेच्या भिंतीआड न ठेवता समाजात जगता आले पाहिजे, हा विचारही त्याच सुमारास जोर धरत होता. या दोहोंच्या मिलाफातून सकारात्मक वर्तन-साहाय्य आकाराला आले. रॉबर्ट हॉर्नर, ग्लेन डनलॅप, एडवर्ड कार आदी अभ्यासकांचा 1990 सालचा निबंध हा त्यातील महत्त्वाचा टप्पा. 1997 मध्ये अमेरिकेच्या अपंग-शिक्षणविषयक कायद्यातच या पद्धतीचा उल्लेख आला. मुलाचे त्रासदायक वर्तन थांबवणे एवढेच उद्दिष्ट न ठेवता त्याचे जगणे सुधारणे हे उद्दिष्ट ठेवावे, आणि त्यासाठी शिक्षा, भीती व वेदना यांचा वापर करू नये, हे या पद्धतीचे सार.

आता मूळ मुद्दा. मनगट चावणे, डोके आपटणे, मारणे, वस्तू फेकणे या कृती निरर्थक नसतात. त्यांतून त्या व्यक्तीला काहीतरी मिळते किंवा कशापासून तरी सुटका होते. अभ्यासक साधारणपणे चार प्रयोजने सांगतात : माणसांचे लक्ष मिळणे, हवी ती वस्तू किंवा कृती मिळणे, नकोशा गोष्टीतून सुटका होणे, आणि त्या कृतीतून शरीरालाच मिळणारे संवेदन. 1982 मध्ये ब्रायन इवाटा व सहकाऱ्यांनी बाल्टिमोर येथे स्वतःला इजा करणाऱ्या नऊ जणांना आळीपाळीने वेगवेगळ्या परिस्थितींत ठेवून निरीक्षण केले. कधी इजा केल्यावर लक्ष दिले जाई, कधी काम सांगितले जाई, कधी एकटे ठेवले जाई, कधी मोकळे खेळू दिले जाई. वर्तन बाहेरून सारखे दिसले तरी एकाचे कारण एक, दुसऱ्याचे दुसरे, असे त्यातून स्पष्ट झाले. म्हणूनच ‘चावणाऱ्या मुलासाठी काय करावे?’ या प्रश्नाला उत्तर नाही. हे मूल का चावते, हे आधी कळावे लागते.

पण चार प्रयोजनांच्याही आधी एक पायरी आहे, आणि ती आपण हमखास गाळतो. बोलू न शकणाऱ्या मुलाचा कान दुखत असेल, दाढ किडली असेल, बद्धकोष्ठ असेल, तर तो ते कसे सांगणार? एकाएकी सुरू झालेले किंवा एकाएकी वाढलेले वर्तन दिसले की आधी डॉक्टर, मग तक्ता. बाईंनी हे पहिल्या तासाला सांगितले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा सांगितले.

भाषेच्या माणसाला सर्वांत रोचक वाटावा असा अभ्यास 1985 चा आहे. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी विकासात्मक अपंगत्व असलेल्या चार मुलांना त्यांच्या वर्तनाच्या जागी एकेक वाक्य शिकवले. काम अवघड झाले की जे मूल आकांडतांडव करी, त्याला आपल्याला समजत नसल्याचे सांगायला शिकवले. मग शिक्षक मदत करीत. लक्ष मिळवण्यासाठी जे तसे करी, त्याला आपले काम चांगले होते आहे का, असे विचारायला शिकवले. मग शिक्षक कौतुक करीत. वर्तन एकदम खाली आले. याहून मोलाचा भाग पुढे आहे. ज्या वेळी मुलाला त्याच्या गरजेशी जुळणारे नसलेले वाक्य दिले, तेव्हा ते वाक्य तो बोलला, पण वर्तन कमी झाले नाही. नुसते बोलता येणे पुरेसे नव्हते. त्या मुलाला जे म्हणायचे होते नेमके तेच म्हणता येणे आवश्यक होते. आपण भाषा शिकवणारे लोक हे किती वेळा विसरतो!

हे सगळे परदेशी आहे असे समजण्याचे कारण नाही. सिकंदराबाद येथे 1984 साली राष्ट्रीय मानसिक अपंग संस्था स्थापन झाली. आज ती ‘राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्था’ या नावाने ओळखली जाते. तेथील रीता पेशावरिया व एस. व्यंकटेशन यांनी 1992 मध्ये भारतीय मुलांसाठी एक वर्तन-मापन श्रेणी तयार केली. तिच्या पहिल्या भागात सात क्षेत्रांतील 280 कौशल्ये आणि दुसऱ्या भागात दहा गटांतील 75 समस्या-वर्तने आहेत. दुसऱ्या भागातील प्रत्येक वर्तनापुढे कधीच नाही, कधीकधी, वारंवार या अर्थाने 0, 1 किंवा 2 असे गुण मांडायचे असतात. कौशल्ये आणि समस्या एकाच श्रेणीत शेजारी ठेवण्यामागे मोठी दृष्टी आहे, असे मला वाटते. ज्याला आपला वेळ कसा घालवावा, हवे ते कसे मागावे हे येत नाही, त्याच्या ‘समस्या’ वाढणारच. त्याच वर्षी या दोघांनी शिक्षकांसाठी लिहिलेली पुस्तिकाही आली. हैदराबाद-सिकंदराबादच्या आपल्या वाचकांना ही संस्था घराजवळची आहे. तेथील साहित्य न पाहता कोणी नवा अभ्यासक्रम आखू नये.

पुन्हा त्या अकरा वर्षांच्या मुलाकडे येतो. पहिल्या दिवशी दुपारी बाईंनी सर्वांना कोरा तक्ता दिला. तीन रकाने : आधी काय घडले, त्याने काय केले, नंतर काय घडले. मधल्या रकान्यात फक्त डोळ्यांना दिसेल किंवा कानाला ऐकू येईल तेच लिहायचे. ‘चिडला’ चालणार नाही. ‘उजवे मनगट तोंडात घेऊन चावले, सुमारे एक मिनिट’ चालेल. उर्दू तक्ता करताना माझी गंमत झाली. ‘ज़िद’, ‘ग़ुस्सा’, ‘शरारत’ हे शब्द इतके तयार असतात की लेखणी तिकडेच वळते. ते शब्द खोडून ‘दाँत से काटा’ एवढेच उरवायला मला स्वतःलाच दोन खर्डे लागले. मग दोन-दोन जणांनी एकाच मुलाकडे पाहून स्वतंत्र नोंद करायची आणि जुळवून पाहायची. पहिल्या फेरीत कोणाच्याही नोंदी जुळल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बऱ्याच जुळू लागल्या. प्रशिक्षणात काही घडते आहे, याची खात्री मला या जुळणीने पटली. टाळ्यांनी किंवा अभिप्रायाच्या कागदांनी पटली नसती.

दुसरा तक्ता त्याहून साधा होता. आडवे आठवड्याचे वार, उभ्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चौकटी. वर्तन घडले की त्या चौकटीत फुली. 1985 मध्येच पॉल टचेट व सहकाऱ्यांनी ही रीत मांडली होती. प्रशिक्षणानंतरचे दोन आठवडे केंद्राने हा तक्ता भरला. साऱ्या फुल्या साडेअकरा ते बाराच्या रांगेत गोळा झाल्या. ती मणी ओवण्याची वेळ होती. आता पहिला तक्ता उघडला. आधी : मण्यांचे ताट पुढे ठेवले. वर्तन : मनगट चावले. नंतर : मावशींनी ताट उचलले, त्याला आपल्याजवळ बसवले. कधी ‘शिक्षा’ म्हणून कोपऱ्यात एकटे बसवले. म्हणजे चावले की मणी जातात, हा धडा तो रोज न चुकता शिकत होता, आणि त्याला शिक्षा म्हणून जे दिले जाई तेच त्याला हवे होते. मावशी माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “म्हणजे सर, आम्हीच शिकवलं की त्याला.” त्यात त्यांचा दोष नव्हता. रक्त येताना पाहून कोणीही ताट उचलेल.

यावर उपाय काय? बळजबरीने मणी ओवून घेतले असते तर चावणे वाढले असते. सुटकेचा जुना रस्ता अचानक बंद केला की माणूस तोच दरवाजा अधिक जोराने ठोठावतो, हे अभ्यासकांना ठाऊक आहे. म्हणून त्याला सुटकेचा दुसरा, सोपा रस्ता द्यायचा ठरले. हाताच्या पंजाचे चित्र असलेले एक कार्ड. ते दिले की ताट लगेच बाजूला. त्यावर शब्द कोणता लिहायचा, हे माझ्याकडे आले. मुलाच्या घरी दखनी, केंद्रात मराठी, बाहेर रस्त्यावर कन्नड. प्रमाण उर्दूतले ‘नहीं चाहिए’ त्याच्या घरात कोणी बोलत नाही. पण दखनीतला ‘नक्को’ हा मराठी ‘नको’चाच सख्खा भाऊ, शेकडो वर्षांच्या शेजारातून तिकडे गेलेला. आई ‘नक्को’ म्हणाली काय आणि मावशी ‘नको’ म्हणाल्या काय, मुलाच्या कानाला शब्द एकच. कार्डावर दोन्ही लिप्यांत तोच शब्द लिहिला. माझ्या वीस वर्षांच्या अध्यापनात भाषाशास्त्राचा इतका रोकडा उपयोग मला दुसरा झालेला नाही.

कार्ड देणे सोपे, ते वापरायला शिकवणे कठीण. इथे प्रशिक्षणाच्या पद्धतीचा प्रश्न येतो. बाईंची रीत चार पायऱ्यांची होती : सांगायचे, करून दाखवायचे, शिकणाऱ्याकडून करवून घ्यायचे, आणि लगेच चूक-बरोबर सांगायचे. ही रीत वर्तन-विश्लेषणात फार दिवसांची आहे. आपल्या वर्गांत बहुधा पहिली पायरीच होते. त्या दिवशी मी मुलगा झालो. मावशींनी माझ्यापुढे मणी ठेवले, माझा हात मनगटाकडे जाण्यापूर्वीच मागून दुसऱ्या शिक्षिकेने माझा हात कार्डाकडे नेला, मावशींनी कार्ड घेतले, “नको? बरं” म्हणाल्या आणि ताट उचलले. पहिल्या वेळी त्या ताट उचलायला विसरल्या. दुसऱ्या वेळी कार्ड घेण्याआधी माझी समजूत घालू लागल्या. पाचव्या वेळी बरोबर जमले. बाई म्हणाल्या, सलग तीन वेळा बिनचूक झाल्याशिवाय मुलापुढे जायचे नाही.

प्रत्यक्षात पहिल्या दिवशी त्याने एकही मणी ओवला नाही. प्रत्येक वेळी कार्ड. शिक्षिका नाराज झाल्या : “आता हा काहीच करणार नाही.” ही शंका सगळीकडे येते. पण दर वेळी मान दिला गेला तसे चावणे विरळ झाले, आणि मगच अट हळूहळू वाढवली. एक मणी, मग कार्ड. तीन मणी, मग कार्ड. शिवाय मणी बारीक होते, भोके अरुंद होती. कोणीतरी मोठे लाकडी मणी आणले. अर्धे काम त्यानेच झाले असावे. वर्तन बदलण्याआधी परिस्थिती बदलता येते का ते पाहावे, ही गोष्ट या पद्धतीत शिकवलेली असते आणि कामात मात्र ती शेवटी आठवते.

हे वाचून प्रशिक्षण यशस्वी झाले असे वाटेल. एका मुलाच्या बाबतीत झाले. केंद्रात उरलेल्यांच्या बाबतीत झाले नाही. दोन महिन्यांनी गेलो तेव्हा तक्त्यांचा गठ्ठा कपाटावर कोराच होता. भरलेले तक्ते पाहायचे कोणी, हे ठरलेले नव्हते. पाहणारा नसेल तर लिहिणारा किती दिवस लिहील? प्रमाणपत्रे मात्र चौकटीत बसवून भिंतीवर लागली होती. उर्दूत आपण तालीम आणि तरबियत हे शब्द जोडीने उच्चारतो. त्या तीन दिवसांत तालीम झाली होती. तरबियत व्हायला रोजचा सहवास लागतो.

पुढे वाचनात आले की हा अनुभव आमच्यापुरता नव्हता. इंग्लंडमध्ये बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रौढांसाठीच्या 23 सेवांमध्ये एक मोठी चाचणी झाली. काही सेवांतील कर्मचाऱ्यांना या पद्धतीचे प्रशिक्षण दिले, बाकीच्यांत नेहमीप्रमाणे काम चालू ठेवले. अँजेला हसिओटिस व सहकाऱ्यांनी 2018 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले : वर्षभराने दोन्हींत वर्तनाच्या दृष्टीने म्हणण्यासारखा फरक नव्हता. त्याच वर्षी पीटर मॅकगिल व सहकाऱ्यांची दुसरी चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात निवासी घरांची सारी व्यवस्थाच हळूहळू सुधारली होती, म्हणजे व्यवस्थापकांचे काम, दिवसाची आखणी, आरोग्य, संवाद, कर्मचाऱ्यांचे मार्गदर्शन. तेथे वर्तन ठळकपणे कमी झाले. दोन चाचण्यांवरून फार मोठी विधाने करू नयेत. पण नुसते प्रशिक्षण देऊन मोकळे होणाऱ्या आपल्यासारख्यांनी पहिला निष्कर्ष जरूर डोळ्यांपुढे ठेवावा. वरिष्ठांना आधी शिकवून त्यांनी रोजच्या कामात हाताखालच्यांना शिकवायचे, ही उतरंडीची रीत 1982 पासून अभ्यासली गेली आहे. आपल्याकडे ती परवडणारीही आहे.

या विषयात नेमके पणाला काय लागले आहे, हेही सांगायला हवे. ब्रिटनमध्ये ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयात रुग्णांना होणारी मारहाण 2011 मध्ये बीबीसीने छुप्या कॅमेऱ्याने दाखवली. 11 कर्मचाऱ्यांना शिक्षा झाल्या. त्या धक्क्यानंतर तेथे या पद्धतीच्या प्रशिक्षणाचे निकष ठरवण्यास वेग आला आणि 2015 मध्ये कर्मचाऱ्यांच्या क्षमतांचा आराखडा प्रसिद्ध झाला. ऑस्ट्रेलियाने 2018 पासून कोंडून ठेवणे, औषधाने गुंगवणे, साधनाने बांधणे, शरीराने दाबून धरणे आणि वस्तू किंवा जागा बंद करणे या पाच प्रकारांवर कायद्याने नियंत्रण आणले. अशा उपायांचा वापर असेल तर वर्तन-तज्ज्ञाने महिन्याभरात तात्पुरती आणि सहा महिन्यांत सविस्तर योजना द्यावी लागते.

आपल्याकडची आठवण अधिक जवळची आहे. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे, दर्ग्याच्या आश्रयाने चालणाऱ्या एका खासगी निवासात आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या मनोरुग्णांना पळता आले नाही. 28 जण गेले. मानसिक आजार आणि बौद्धिक अपंगत्व या वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगितले पाहिजे. साखळी मात्र दोन्हीकडे तीच. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीला पूर्ण बंदी घातली. 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्याचे कलम 6 क्रूर व अमानुष वागणुकीपासून संरक्षण देते. शाळेत शारीरिक शिक्षा देण्यास 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याची मनाई आहे. कायदे आहेत. पण आमच्या त्या मुलाच्या घरी, आई स्वयंपाक करीत असताना, त्याचा हात ओढणीने पलंगाला बांधलेला असे. आईने हे मला स्वतःहून सांगितले, मान खाली घालून. तिला क्रूर म्हणण्याचा अधिकार मला नाही. चुलीपाशी ज्वाला, हाताशी दुसरे लहान मूल आणि सल्ला देणारा कोणी नाही.

म्हणून आपल्या कॉलेजांनी काय करावे, याविषयी माझे मत मर्यादित आहे. आपण वर्तन-तज्ज्ञ तयार करू शकत नाही. पुनर्वास क्षेत्रात व्यावसायिक म्हणून काम करण्यासाठी 1992 च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. गंभीर इजा, औषधे, फिट्स यांत आपल्या विद्यार्थ्याने हात घालू नये. इवाटांसारखे प्रयोग तर मुळीच नकोत. पण पाहणे, क्रियापदात लिहिणे, फुल्या मारणे, दुखण्याची शंका घेणे, आणि ठरलेली योजना रोज तशीच पाळणे हे सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमात शिकवता येते. लेखी परीक्षेऐवजी दोन जणांच्या नोंदी जुळतात का, हे पाहून गुण द्यावेत. एखाद्या केंद्राशी वर्षभराचा करार करून आठवड्यातून एकदा भरलेले तक्ते पाहायला आपला शिक्षक जावा. मी स्वतः आता महिन्यातून दोनदा जातो. मला तक्त्यातले फार कळते असे नाही. कोणीतरी पाहते, एवढे कळले तरी वही भरते.

काही ऑटिस्टिक प्रौढांनी एक आक्षेप घेतला आहे, तोही वर्गात मांडावा : या पद्धतीच्या नावाखाली माणसाला गप्प, सोयीचे बनवले जाते. आक्षेप खोटा नाही. कोणतीही योजना करताना ती मुलाच्या सोयीची की आपल्या, हे विचारावेच लागते.

त्या मुलाच्या आईलाही नंतर कार्ड वापरायला शिकवले, त्याच चार पायऱ्यांनी. ओढणी सुटली आहे, निदान स्वयंपाकाच्या वेळी. पलंगाऐवजी तो ओट्याजवळ लसूण सोलायला बसतो. पण नवीनच अडचण उभी राहिली. दुधी भोपळ्याला कार्ड, आंघोळीला कार्ड, फिट्सच्या गोळीलाही कार्ड. परवा तिने विचारले, “हर बात में उसका नक्को मानना क्या, सर?” मी बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, भोपळ्याचे माना. गोळीच्या वेळी मात्र कार्ड समोर ठेवूच नका. जिथे ‘नको’ मानता येणार नाही तिथे ते विचारायचे नाही. गोळी पाण्याबरोबर की दुधाबरोबर, एवढे मात्र त्याला विचारा. आता पेल्याचे आणि दुधाच्या पिशवीचे अशी दोन चित्रे मी करून दिली आहेत. आंघोळीचे अजून ठरायचे आहे.